उपग्रहचित्रांनी भरलेली मेमरी आणि अर्धवट ट्रॅक: एका सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

डोंगराळ जंगलातले झरे शोधून त्यांची नोंद करायचं काम एका स्वयंसेवी गटाने हाती घेतलं होतं. जुन्या टिपणांमध्ये झऱ्यांची नावं आणि ढोबळ खुणा होत्या, पण अक्षांश-रेखांश कुठेच नव्हते. झरा अजून वाहतो का, त्याच्याकडे जाणारी पायवाट शिल्लक आहे का आणि पुढच्या वेळी दुसरं कोणी तिथे पोहोचू शकेल का, एवढं गटाला जाणून घ्यायचं होतं. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे चालून गेलेल्या वाटेचा ट्रॅक, म्हणजे जीपीएसने चालताना नोंदवलेली बिंदूंची रांग. झऱ्याचा नुसता बिंदू देऊन भागत नाही, कारण मधली दरी कुठून उतरायची हे बिंदू सांगत नाही.

गटाच्या तीन तुकड्या होत्या आणि प्रत्येक तुकडीकडे गार्मिनचं एक हँडहेल्ड जीपीएस. दोन उपकरणं एकाच मॉडेलची, तिसरं थोडं जुनं. नकाशांची सगळी तयारी एकच बाई करत असत, त्यांना या लेखात ‘नकाशाताई’ म्हणू. मी दुसऱ्या फेरीच्या तयारीत सामील झालो. पहिल्या फेरीबद्दल जे लिहितो आहे ते गटाच्या नोंदवह्या, तिन्ही उपकरणांच्या मेमरीची पाहणी आणि सगळ्यांशी झालेलं बोलणं यांवर आधारलेलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या उपकरणांवर उपग्रहचित्रं आणायच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली बर्ड्सआय. कंपनी पुरवत असलेली चित्रं उतरवून घ्यायची, ती जेएनएक्स प्रकारच्या फाइलींत येतात आणि ‘बर्ड्सआय’ नावाच्या फोल्डरमध्ये बसतात. ही फाइल ज्या उपकरणासाठी उतरवली त्यालाच बांधलेली असते. दुसरी वाट कस्टम मॅप्स. तुमच्याकडचं कोणतंही चित्र भौगोलिक चौकटीत बसवून केएमझेड फाइल करायची आणि ‘कस्टम मॅप्स’ फोल्डरमध्ये टाकायची. ही फाइल कुठल्याही उपकरणावर चालते, पण तिला मर्यादा आहेत. चित्र जेपेग हवं, त्याचा प्रत्येक तुकडा एक मेगापिक्सेलच्या आत हवा, म्हणजे १०२४ गुणिले १०२४ पिक्सेल एवढा. आणि असे तुकडे बहुतेक मॉडेलांत एकूण १००, काही मोठ्या मॉडेलांत ५००. गटाला पहिल्या फेरीच्या वेळी फक्त पहिली वाट माहीत होती.

## अडचण कशी उभी राहिली

सर्वेक्षणाचा प्रत्यक्ष प्रदेश सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा, एका डोंगररांगेला धरून तिरका पसरलेला. नकाशाताईंनी संगणकावर चौकोन ओढला तो मात्र ४० किलोमीटर गुणिले ३० किलोमीटर, म्हणजे १,२०० चौरस किलोमीटर. तिरक्या पट्ट्याभोवती सरळ चौकोन ओढला की निम्मा भाग उगाचच आत येतो. त्यावर दर्जा निवडला सर्वांत बारीक. विचार साधा होता: तपशील जास्त तर वाट सापडण्याची शक्यता जास्त.

इथे आकडे मांडून पाहणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. वेबवरच्या नकाशांची प्रचलित मोजणी घेतली तर २५६ पिक्सेल बाजूची एक टाइल, म्हणजे चित्राचा चौकोनी तुकडा, असते. झूमच्या १८व्या पातळीला विषुववृत्तावर एक पिक्सेल सुमारे ०.६ मीटरचा आणि एक टाइल सुमारे १५३ मीटर बाजूची. म्हणजे एका चौरस किलोमीटरला ४३ टाइली. १,२०० चौरस किलोमीटरला ५१ हजारांवर. झूम कमी केल्यावर दिसावं म्हणून वरच्या पातळ्याही साठवाव्या लागतात, त्यांनी आणखी तृतीयांश भर पडते. एकूण ६८ हजारांच्या आसपास. एक टाइल २० केबीची धरली तर जवळपास १.४ जीबी. विषुववृत्तापासून दूर गेलं की टाइल जमिनीवर लहान होत जाते आणि हा आकडा वाढतो. झूमची एक पायरी खाली उतरलं की टाइली एकदम चौथाईवर येतात.

उपकरणांची अंतर्गत मेमरी सुमारे ४ जीबी. त्यात कंपनीने आधीच भरलेला नकाशा मोठी जागा अडवून बसलेला. तरीही एक संच मावला असता. अडचण आली ती दुसऱ्या पायरीला. नकाशाताईंनी पहिल्या उपकरणावरच्या जेएनएक्स फाइली उचलून दुसऱ्या दोघांवर टाकल्या. तिथे काहीच दिसेना. फाइली जागेवर, आकार बरोबर, पडद्यावर मात्र नेहमीचाच नकाशा. फाइल पहिल्या उपकरणाला बांधलेली आहे हे लक्षात आलं नाही, त्यामुळे सगळ्यांचा समज झाला की उतरवताना काहीतरी बिघडलं. मग पुन्हा उतरवणं, ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटची’ अशी नावं, आणि जुन्या फाइली काढून टाकणं.

काढून टाकणं झालं ते मॅक संगणकावरून. मॅकवर यूएसबीने जोडलेल्या उपकरणातली फाइल कचऱ्यात ओढली की ती त्याच उपकरणावरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. संगणकाचा कचरा रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर फाइल गेलेली दिसते, मेमरी मात्र तेवढीच भरलेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपकरणाची मेमरी अशा न दिसणाऱ्या फाइलींनी काठोकाठ भरली.

निघण्याच्या आदल्या रात्री दुसऱ्या उपकरणावर शेवटची फाइल जात असताना केबल ओढली गेली. सुरू केल्यावर ते ‘नकाशे लोड होत आहेत’ या पाटीवर थांबलं आणि पुढे हलेना. सुरू होताना उपकरण मेमरीतली प्रत्येक नकाशा-फाइल वाचतं, आणि अर्धवट फाइल समोर आली की तिथेच अडकू शकतं. यंत्रात काही दोष नव्हता, पण त्या रात्री हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. ती तुकडी जीपीएसशिवाय, फोनवर निघाली.

## मैदानात काय झालं

पहिल्या उपकरणावर चित्रं दिसत होती. तरी त्या तुकडीचा अनुभव चांगला नव्हता, आणि मला वाटतं त्यातून शिकण्यासारखं बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

दाट जंगलात वरून घेतलेल्या चित्रात झाडांचे शेंडे दिसतात. पायवाट त्यांच्या खाली असते. सर्वांत बारीक दर्जाचं चित्र घेतल्याने शेंडे जास्त स्पष्ट झाले, वाट तशीच झाकलेली राहिली. शिवाय या उपकरणांचे पडदे उन्हात उत्तम दिसतात, कारण ते बाहेरचा प्रकाश परतवतात. सावलीत मात्र गडद हिरव्या चित्रावर चालणाऱ्याचा बाण शोधावा लागतो. तुकडी पार्श्वप्रकाश सतत वाढवून चालत राहिली, बॅटरी लवकर उतरली. नकाशा सरकवला की चित्र तुकड्यातुकड्याने उमटत होतं, तेवढा वेळ थांबावं लागे. शेवटी वाट शोधणाऱ्या मुलाने चित्रं बंदच केली आणि समोच्च रेषांवर चालायला लागला. त्या रेषांवरून उतार किती खडा आहे हे त्याला लगेच कळत होतं.

चित्रं कामी आली ती वेगळ्याच ठिकाणी: रुंद नदीपात्रातले खडक, जंगलातली मोकळी गवताळ जागा, दरड कोसळून उघडा पडलेला उतार. म्हणजे जिथे झाडं संपतात तिथे.

खरं नुकसान तिसऱ्या तुकडीचं झालं. संध्याकाळी ट्रॅक संगणकावर उतरवला तेव्हा सकाळचा भाग नव्हता, फक्त दुपारनंतरचा होता. त्या उपकरणात चालू ट्रॅकची मर्यादा १०,००० बिंदूंची. नोंदीचा वेग कोणीतरी दर सेकंदाला एक बिंदू असा ठेवला होता. दहा हजार सेकंद म्हणजे पावणेतीन तास. ट्रॅक भरला की त्याची फाइल करून संग्रहात टाकायची, असं उपकरणाला सांगून ठेवलेलं होतं, पण फाइल लिहायला मेमरीत जागाच नव्हती. नव्या बिंदूंनी जुने बिंदू पुसत नेले. सकाळी सापडलेल्या दोन झऱ्यांचे वेपॉइंट, म्हणजे जागेचे नोंदवलेले बिंदू, राहिले, त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट गेली.

उपग्रहचित्र पुन्हा उतरवता येतं. चालून गेलेली वाट परत उतरवता येत नाही, ती परत चालावी लागते. गटाच्या बैठकीत मी हे सगळ्यांत आधी मांडलं, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच तोलून पाहिला.

## कोणते पर्याय समोर होते

मोठं कार्ड घालणं हा सगळ्यांच्या मनात आलेला पहिला पर्याय. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं, या उपकरणांना चालतं. एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा राहते, ती इथे आडवी येणार नव्हती. जागेचा प्रश्न सुटला असता. पण हळू उमटणारं चित्र, झाडांखाली लपलेली वाट आणि सावलीत न दिसणारा पडदा, यांतलं काहीच कार्डाने बदललं नसतं. कार्ड आम्ही घेतलं, पण दुसऱ्याच कारणासाठी. ते पुढे येईल.

चित्रं पूर्ण सोडून द्यावीत असं गटप्रमुखांचं मत होतं. पहिल्या फेरीनंतर त्यांचा राग समजण्यासारखा होता. मात्र पुढच्या टप्प्यात मोकळे उतार आणि नदीपात्रं जास्त होती, आणि तिथे चित्रांचा उपयोग झाल्याचं पहिल्याच तुकडीने सांगितलं होतं.

फोनवरची ऑफलाइन ॲप्स हा तिसरा पर्याय. तुकडीतल्या तरुणांना तोच पसंत होता. पडदा मोठा, चित्र झटकन उमटतं. पण दिवसभर ट्रॅक चालू ठेवल्यावर फोनची बॅटरी, ओल्या बोटांनी न चालणारा पडदा, आणि अडचणीच्या वेळी मदत मागायला हाच फोन लागणार, हे सगळं बघता फोन जोडीला ठेवायचा, मुख्य नोंद त्यावर ठेवायची नाही असं ठरलं.

एकाने आणखी एक उपाय सुचवला. वेबवरच्या प्रसिद्ध नकाशासेवेच्या टाइली घाऊक उतरवणारी साधनं मिळतात, जेएनएक्सचं बंधन तोडणारीही मिळतात, ती वापरू. यावर चर्चा तापली. अशा नकाशासेवांच्या अटी घाऊक साठवणुकीला परवानगी देत नाहीत, आणि या सर्वेक्षणाचा अहवाल पुढे सार्वजनिक होणार होता. ज्या नोंदींवर उद्या कोणी विसंबणार आहे त्यांच्या मुळाशी असं काही असू नये, असं नकाशाताईंनी ठामपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं.

शेवटचा पर्याय चर्चेतूनच आकाराला आला. एकाच दर्जाचं चित्र सगळीकडे पसरवण्याऐवजी चित्राकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे ते आधी लिहायचं, मग दर्जा आणि क्षेत्र ठरवायचं.

## निर्णयाचा पहिला टप्पा: आधी सुटका

नवं काही टाकण्याआधी अडकलेलं उपकरण सोडवायचं होतं. कार्ड काढून उपकरण सुरू करण्याची सोय इथे नव्हती, कारण बिघडलेली फाइल अंतर्गत मेमरीत होती. संगणकाला जोडताना ठरावीक बटण दाबून धरलं की उपकरण नकाशे न वाचता नुसत्या यूएसबी ड्राइव्हसारखं उघडतं. तसं ते उघडलं. लगेच डिलीट करायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते. आम्ही आधी संपूर्ण मेमरी, लपलेल्या फोल्डरांसकट, संगणकावर उतरवून घेतली. जीपीएक्स फोल्डरमध्ये जुन्या वेपॉइंटांच्या फाइली होत्या, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मग एक क्षण असा आला की थोडक्यात निभावलं. आकारानुसार यादी लावून बसलेल्या एका मुलाने विचारलं, “ताई, ही सगळ्यात मोठी काढू का? दीड जीबी खाते आहे.”

“थांब, ती आपण टाकलेली नाही,” नकाशाताई म्हणाल्या.

ती ‘जीमॅपप्रॉम’ नावाची फाइल होती, म्हणजे कंपनीने भरून दिलेला नकाशा, समोच्च रेषांसकट. शेजारीच ‘जीमॅपबीमॅप’ म्हणजे मूळ आधार-नकाशा आणि ‘जीमॅपटीझेड’ म्हणजे कालविभागांची फाइल. या तिघींना हात लावायचा नाही, असं मोठ्या अक्षरात लिहून ते संगणकाशेजारी चिकटवलं. बर्ड्सआय फोल्डरमधल्या फाइली तेवढ्या काढल्या, कचरा रिकामा केला, मोकळी जागा किती दाखवते ते बघितलं, आणि ‘इजेक्ट’ करूनच केबल काढली. उपकरण सुरू झालं.

## निर्णयाचा दुसरा टप्पा: चित्र कशासाठी

तुकड्यांना बसवून यादी केली. झऱ्यांचा संभाव्य पट्टा ओळखणं. मोकळ्या उतारावरून दरीत उतरण्याची जागा निवडणं. नदी कुठे ओलांडता येईल ते पाहणं. वाट चुकल्यास जवळची उघडी जागा शोधणं. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कामाला झाड न् झाड दिसायची गरज नव्हती.

त्यांच्यासाठी सेंटिनेल-२ घेतलं. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातले हे उपग्रह. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि असे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात. चित्रं मोफत आहेत, श्रेय देऊन वापरता आणि वाटता येतात. दृश्य रंगांत आणि जवळच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यात एक पिक्सेल १० मीटरचा. पायवाट यात दिसणार नाही, पण जंगलाची कड, नदी, दरड, गवताळ पठार स्पष्ट दिसतं.

कस्टम मॅप्सची जी मर्यादा अडचणीची वाटत होती, ती १० मीटरच्या पिक्सेलला अगदी सोयीची निघाली. १०२४ पिक्सेल म्हणजे १०.२४ किलोमीटर. एका तुकड्यात सुमारे १०५ चौरस किलोमीटर मावतात. ४० गुणिले ३० चा तो सगळा चौकोन चार गुणिले तीन, बारा तुकड्यांत बसला. शंभरातले बारा! फाइलीचा आकारही काही एमबींचाच. नकाशाताईंनी हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा बैठकीचा सूरच बदलला.

मग एकाऐवजी तीन थर करणं शक्य झालं. एक पानगळीनंतरचं नैसर्गिक रंगांचं दृश्य. एक झाडं भरलेली असतानाचं. तिसरा थर कोरड्या ऋतूतला, अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवणारा. जिवंत पानं जवळचे अवरक्त किरण जोरात परतवतात, म्हणून कोरड्या उतारावर जिथे ओल टिकून आहे तिथली हिरवळ ठळक लाल दिसते. झरा शोधणाऱ्याला यापेक्षा चांगली खूण दहा मीटरच्या चित्रातून मिळणार नाही. एकूण ३६ तुकडे. थर एका वेळी एकच चालू ठेवायचा, बाकीचे नकाशाच्या सेटिंगमधून बंद.

तयारीत दोन बारकावे महत्त्वाचे ठरले. सेंटिनेलची चित्रं यूटीएम प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरांच्या चौकटीत मांडण्याची एक पद्धत) येतात आणि केएमझेडला अक्षांश-रेखांशाची सरळ चौकट लागते. प्रक्षेप न बदलता चित्र बसवलं तर ते कडेकडेने सरकतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेप बदलला, तिथल्याच गार्मिन कस्टम मॅप नावाच्या प्लगइनने तुकडे पाडले. दुसरं, केएमझेडमध्ये चित्राचा क्रमांक देता येतो. ५० किंवा वर असेल तर चित्र रेषांचा नकाशा झाकतं, ५० पेक्षा कमी असेल तर त्याच्या खाली राहतं. आम्ही कमी ठेवला, म्हणजे समोच्च रेषा आणि ओढ्यांची नावं चित्रावरून वाचता येत राहिली.

बारीक दर्जाची बर्ड्सआय चित्रं आठ जागांपुरतीच घेतली: नदी ओलांडण्याच्या जागा आणि खडे उघडे उतार, प्रत्येकी दोन किलोमीटर बाजूचा चौकोन. एकूण ३२ चौरस किलोमीटर. आधीच्याच हिशोबाने १,८०० टाइलींच्या आसपास, ३७ एमबी. पहिल्या फेरीच्या १.४ जीबीशी हा आकडा ताडून पाहावा. प्रत्येक उपकरणासाठी ती स्वतंत्रपणे, नियमानुसार उतरवली. नावात जागा, दर्जा आणि उतरवल्याचा महिना. ‘नवीन’ हा शब्द नावात वापरायला बंदी.

## निर्णयाचा तिसरा टप्पा: ट्रॅकसाठी जागा राखणं

कार्ड घेतलं ते चित्रं आणि केएमझेड अंतर्गत मेमरीतून बाहेर काढण्यासाठी. अंतर्गत मेमरी ट्रॅक आणि वेपॉइंटांसाठी मोकळी ठेवायची, कमीत कमी १ जीबी, असं ठरलं. ट्रॅकची फाइल त्यामानाने चिमुकली असते, एवढी जागा लागत नाही हे खरं. पण मेमरी भरते आहे हे लक्षात यायला मोठी फट असलेली बरी. कार्डावर काही बिघडलं तर कार्ड काढून उपकरण सुरू करता येतं, हा याचा दुसरा फायदा. आदल्या रात्री केबल ओढली गेली होती त्या प्रसंगात एवढ्यानेच काम भागलं असतं.

नोंदीचा वेग दर दहा सेकंदांना एक केला. १०,००० बिंदू मग सत्तावीस तासांहून जास्त पुरतात. रोज संध्याकाळी ट्रॅकला नाव देऊन साठवायचं आणि चालू ट्रॅक रिकामा करायचा.

निघण्याआधी एक पडताळणीही केली. पूल, रस्त्याचा तिठा, ओढ्याचा संगम अशा ओळखीच्या जागांवर उभं राहून वेपॉइंट घेतले आणि तो बिंदू चित्रावर कुठे पडतो ते पाहिलं. सपाटीवर जुळलं. एका खड्या उतारावर बारीक दर्जाचं चित्र सुमारे १५ मीटर सरकलेलं निघालं. उंचसखल भागात चित्र जमिनीच्या उठावानुसार सरळ करावं लागतं, आणि उठावाची माहिती ढोबळ असेल तर असा फरक राहतो. त्या चौकोनाच्या नावापुढे ‘सरकलेलं’ असं लिहून टाकलं.

## काय निष्पन्न झालं

दुसऱ्या फेरीत तिन्ही उपकरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली आणि सगळे ट्रॅक पूर्ण मिळाले. गमावलेली सकाळची वाट तिसऱ्या तुकडीने पुन्हा चालून नोंदवली. त्यात एक पूर्ण दिवस गेला.

लाल थराने चांगली दिशा दिली, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही हेही दिसलं. काही ठळक डागांपाशी खरोखर झरे होते. काही डाग म्हणजे घळीतली सदाहरित झाडं निघाली, पाण्याचा पत्ता नाही. आणि दाट जंगलातला एक चांगला वाहता झरा कुठल्याच थरात दिसला नव्हता, तो सापडला जुन्या टिपणातल्या खुणेवरून. चित्र पाहून कोणत्या जागी आधी जायचं ते ठरवावं. कोणती जागा वगळायची ते चित्रावर सोडू नये.

एका तुकडीला दरड आडवी आल्याने ठरलेला उतार सोडावा लागला, आणि नव्या वाटेवर बारीक दर्जाचा चौकोन नव्हता. दहा मीटरच्या चित्रावर उघडा पट्टा दिसत होता, समोच्च रेषांवर चढ दिसत होता, तेवढ्यावर त्यांनी वाट काढली. उशीर झाला, पण धोका पत्करावा लागला नाही. गटप्रमुखांनी यावर विचारलं, आठऐवजी वीस चौकोन का घेतले नाहीत? वाजवी प्रश्न आहे. वीस चौकोन शंभर एमबींच्या आत बसले असते.

## वेगळं काय करता येईल

माझ्या मते बारीक चौकोन निवडताना आम्ही फक्त ठरलेल्या वाटेचा विचार केला, माघारीच्या वाटांचा केला नाही. पुढच्या वेळी प्रत्येक मोहिमेच्या वाटेसोबत किमान एक पर्यायी उतार निवडून त्याचाही चौकोन घ्यावा.

दुसरी गोष्ट जास्त मूलभूत. पहिल्या फेरीतले सगळे घोटाळे एका बाईच्या संगणकावर, एका रात्रीत झाले. तिघं उपकरणं वापरणारे, तिघांनाही आपल्या उपकरणात काय भरलं आहे याची कल्पना नव्हती. दुसऱ्या फेरीतही तयारी बरीचशी त्यांच्याच हातून झाली. प्रत्येक तुकडीतल्या एकाने आपल्या उपकरणाची मेमरी स्वतः उघडून पाहावी, कोणता थर चालू-बंद कसा करायचा ते निघण्याच्या आठवडाभर आधी जवळच्या टेकडीवर चालून तपासावं. दिवाणखान्यात बसून चित्र छान दिसतं. झाडाखाली ते कसं दिसतं हे झाडाखालीच कळतं.

चित्राच्या तारखेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. सेंटिनेलच्या प्रत्येक दृश्याची तारीख माहीत असते. बारीक दर्जाची चित्रं वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तुकड्यांची गोधडी असतात. फाइल उतरवली तो महिना आम्ही नावात लिहिला, पण ते चित्र त्याहून बरंच जुनं असू शकतं. नदीने पात्र बदललं असेल तर ओलांडण्याची जागा चित्रावरून निवडणं धोक्याचं. दोन ठिकाणी आम्ही ताज्या सेंटिनेल दृश्याशी ताडून पाहिलं, आठही ठिकाणी पाहायला हवं होतं.

आता गटापुढे जुन्या, तिसऱ्या उपकरणाचा प्रश्न आहे. ते बदललं तर त्याच्यासाठी उतरवलेली आठ चित्रं नव्यावर चालणार नाहीत, केएमझेडचे ३६ तुकडे मात्र तसेच चालतील. नकाशाताईंनी त्या तुकड्यांची मूळ फाइल, प्रत्येक दृश्याची तारीख आणि ती कशी तयार केली याची पायऱ्यांवार नोंद एकत्र ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तिची एक प्रत आता गटप्रमुखांच्या संगणकावरही आहे.